निराश्रितांची माउली : पंडिता रमाबाई

रोग बरा करणारा वैद्य थोर खरा. परंतु रोग होऊंच नये म्हणून अन्नाची, पाण्याची व स्नानाची रीत शिकविणारा त्याच्याहून कमी उपकारकर्ता नव्हे. पंडिता रमाबाईंचें चरित्र हेंच सांगतें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदेस न जुमानतां पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें, व आईनें तीच विद्या मुलीस दिली. तीर्थाटनांत कुटुंबाची पुंजी सरली, आणि त्यांतच मद्रास इलाख्यांतील दुष्काळानें त्यांस गांठलें. आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास उपाशीपोटीं शेंकडों मैल पायीं हिंडले. निराश्रित होणें म्हणजे काय, हें त्या अनुभवानेंच शिकल्या.

१८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० सालीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पण दोनच वर्षांत पटकीनें पतीचा अंत झाला. कन्या मनोरमा त्या वेळीं तान्ही होती. त्याच वर्षीं हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना, पुरुष डॉक्टरांपुढें जाण्याच्या संकोचानें कित्येक स्त्रिया उपचारावांचून मरतात, तरी स्त्री डॉक्टर तयार करावे, असा आग्रह त्यांनीं धरिला. स्वतः वैद्यक शिकावें म्हणून त्या १८८३ सालीं विलायतेस गेल्या. पण त्यांस ऐकूं कमी येई, म्हणून तो मार्ग बंद झाला. तेथेंच त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, व अनेक स्वकीयांचा रोष पत्करिला. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी अमेरिकेंत डॉक्टर झाल्या, त्या समारंभास रमाबाई हजर होत्या. जें आपणांस लाभलें नाहीं, तें दुसरीस लाभलें याचा त्यांस आनंदच झाला असावा.

मायदेशीं परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढिलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. १८९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. स्वतःचे जुने दिवस आठवून रमाबाई तिकडे धांवल्या व सुमारें तीनशें मुली घेऊन आल्या. तेव्हां पुण्यांत प्लेगचा कहर होता, व इतक्या जणींस शहरांत ठेवण्यास परवानगी मिळेना. म्हणून त्यांनीं केडगांव येथील आपल्या शेतावर त्यांची सोय केली. तेंच पुढें ‘मुक्ती’ म्हणून प्रसिद्धीस आलें. प्लेगच्या इस्पितळांत स्त्रियांची होणारी आबाळही त्यांनीं त्याच वर्षीं वृत्तपत्रांतून निर्भयपणें मांडिली.

आलेल्या मुलींची दशा पाहवत नव्हती. हाडें वर आलेलीं, अंगावर फोड व खरूज, केसांत उवा. उपाशी पोटास एकदम भरपूर अन्न दिलें तर तें घातक ठरतें. म्हणून थोडें थोडें जेवूं घालावें लागे. कित्येकींस रोज स्नान करण्याचीही संवय नव्हती. केवळ औषधानें हें साधणें शक्य नव्हतें. म्हणून शारदासदनाच्या मोठ्या मुलींनीं नव्या मुलींच्या लहान लहान तुकड्या आपल्या हातीं घेतल्या. आईनें घरीं शिकवावें तसें त्यांनीं त्यांस न्हाणें, कपडे धुणें, भांडीं स्वच्छ ठेवणें शिकविलें. विहिरी खणल्या, इस्पितळ उभारलें, कांहींजणींस शुश्रूषेचें शिक्षण मिळालें. कालची निराश्रित मुलगी आज दुसरीची परिचारिका झाली. १९०० च्या दुष्काळानंतर तेथें दीड हजारांहून अधिक जणी राहत होत्या.

१९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-ई-हिंद पदक दिलें. १९२१ सालीं मनोरमा वारली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनींही देह ठेविला.

दुष्काळ असो, साथ असो, कीं धरण असो, माणसांस घर सोडावें लागतेंच. आपल्या पुणें जिल्ह्यांतही भोरकडील हिर्डोशीच्या परिसरांत, नीरेच्या खोऱ्यांत, धरणापायीं कुटुंबांस जुनीं घरें सोडावीं लागलीं. असें कुटुंब शेजारीं आलें, तर पाणी कोठलें चांगलें व तें कसें गाळून उकळावें, एवढें तरी आपण त्यांच्या दारीं जाऊन प्रेमानें सांगावें. त्यासाठीं पदवी लागत नाहीं. रमाबाईंसही ती मिळाली नव्हती.