लहानग्या मार्टिनला भेद कोणी शिकवला?

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे मोर्चे आणि भाषणे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहेत. आम्ही इथे त्यांच्या बालपणाचे जास्त सांगणार आहोत. कारण माणसाच्या मनात भेद शिरतो कसा आणि निघतो कसा, हे त्यात दिसते.

त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहरातल्या ऑबर्न ॲव्हेन्यूवर झाला. वडील चर्चचे धर्मगुरू. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण काळ्यांची शाळा वेगळी, पाण्याचे नळ वेगळे, बसमधली जागाही वेगळी. कायदाच तसा होता.

मार्टिनचा एक गोरा सवंगडी होता. त्याच्या बापाचे दुकान मार्टिनच्या घरासमोरच. दोघे रोज एकत्र खेळत. सहाव्या वर्षी दोघांच्या शाळा निराळ्या झाल्या आणि त्या मुलाच्या बापाने दोघांचे खेळणे बंद केले. पोराला काही कळेना. त्याने घरी विचारले. आईने गुलामगिरीपासूनची सारी हकिगत सांगितली आणि तू कुणापेक्षा कमी नाहीस हे बजावले. आईवडील द्वेष करू नको म्हणाले, तरी मार्टिनने सगळ्या गोऱ्यांचा द्वेष करायचे ठरवले. पुढे हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

बघा, आदल्या दिवसापर्यंत दोन्ही पोरांच्या मनात काही नव्हते. भिंत मोठ्यांनी घातली. मग अलीकडे एक समज वाढला, पलीकडे दुसरा.

१९४४ साली वक्तृत्व स्पर्धेहून परतताना गोऱ्यांसाठी बसमधली जागा सोडावी लागली. किंग अटलांट्यापर्यंत उभ्याने आले. त्याच उन्हाळ्यात ते उत्तरेला कनेक्टिकट राज्यात तंबाखूच्या शेतावर मजुरीला गेले. तिथे गोऱ्यांबरोबर एकाच चर्चमध्ये बसले, हॉटेलात हवे तिथे जेवले. आभाळ काही कोसळले नाही! परतीच्या वाटेवर मात्र रेल्वेच्या जेवणाच्या डब्यात त्यांना पडद्याआड बसवले गेले. तो पडदा त्यांच्या मनाला फार लागला.

पंधराव्या वर्षी ते मोअरहाउस कॉलेजात गेले. तिथल्या दिवसांत गोऱ्या विद्यार्थ्यांबरोबर समितीत काम करता करता त्यांचा राग निवळत गेला. भांडण कातडीशी नाही, भिंतीशी आहे, हे त्यांना उमगले. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले, की वेगळ्या शाळेमुळे काळ्या मुलाच्या मनात न्यूनगंड रुजतो.

डिसेंबर १९५५ पासून मॉन्टगोमेरीत ३८१ दिवस काळ्यांनी बसवर बहिष्कार घातला, पायपीट केली आणि बसमधला भेद मोडला. त्या लढ्याचे पुढारी किंग होते.

१९५९ साली ते भारतात आले. केरळात एका शाळेत दलित मुलांपुढे मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतले अस्पृश्य अशी करून दिली. क्षणभर ते चिडले. मग आपल्या लोकांची दशा आठवली आणि ते खरेच आहे हे त्यांनी मनोमन कबूल केले. १९६५ सालच्या एका प्रवचनात त्यांनीच ही आठवण सांगितली.

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस शहरात त्यांची गोळी घालून हत्या झाली. वय अवघे ३९. तिथे ते गेले होते कशासाठी? संपावर असलेल्या सफाई कामगारांच्या पाठीशी उभे राहायला.

आम्हीही गावकुसाबाहेर वाढलो. वरच्या आळीतली माणसं एकजात वाईट, असं आम्ही धरून चाललो होतो. गिरणीत लागल्यावर एकाच पाळीत घामानं भिजलेली सगळ्या जातींची माणसं बघितली, तेव्हा तो समज सुटला. भिंतीवरचा राग मात्र सुटला नाही, आणि सुटूही नये.

बंधू-भगिनींनो, आपल्या लेकरांना या आईचे सांगणे आधी सांगा: तू कुणापेक्षा कमी नाहीस. आणि मग त्यांना सगळ्यांच्या पोरांत खेळायला पाठवा.