गाला प्लासिडिया: ताऱ्यांच्या छताची सम्राज्ञी

सम्राटाची कन्या, सम्राटांची बहीण, सम्राटाची पत्नी आणि सम्राटाची माता. इतकी नाती एकाच स्त्रीच्या वाट्याला आल्याचे उदाहरण रोमन इतिहासातही विरळाच. पण रावेन्नाला जाणारा आजचा प्रवासी गाला प्लासिडियाला ओळखतो तो एका थडग्यामुळे, आणि त्या थडग्यात ती बहुधा कधीच विसावली नाही.

चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट पहिल्या थिओडोसिअसच्या पोटी तिचा जन्म झाला. ३९५ मध्ये पित्याच्या निधनानंतर पश्चिमेचे राज्य तिचा सावत्र भाऊ होनोरिअस याच्याकडे आले. त्याने दलदलीने वेढलेल्या रावेन्नाला राजधानी नेली. ४१० मध्ये अलॅरिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटले तेव्हा सम्राट तेथे सुरक्षित होता. बहीण मात्र गॉथांच्या कैदेत पडली.

अलॅरिकनंतर राजा झालेल्या अथाउल्फने जानेवारी ४१४ मध्ये नार्बोन येथे तिच्याशी रोमन थाटात विवाह केला. रेशमी वस्त्रे ल्यालेल्या पन्नास तरुणांनी सोन्या-रत्नांची तबके वधूपुढे ठेवली. तो सारा ऐवज रोमच्या लुटीतला होता! बार्सिलोनात त्यांना मुलगा झाला. आजोबांचे नाव मिळालेले ते बाळ लवकरच दगावले आणि चांदीच्या पेटीत घालून त्याला शहराबाहेर पुरण्यात आले. पुढे ४१५ मध्ये अथाउल्फचाही खून झाला. नव्या राजाने विधवा राणीला इतर कैद्यांसोबत आपल्या घोड्यापुढे बारा मैल पायी चालवले. त्याची सत्ता जेमतेम सात दिवस टिकली. ४१६ मध्ये सहा लाख मापे धान्याच्या बदल्यात गॉथांनी तिला रोमनांच्या स्वाधीन केले.

माहेरीही तिच्या इच्छेला किंमत नव्हती. ४१७ मध्ये सेनापती कॉन्स्टन्शिअसशी तिचे लग्न लावण्यात आले. त्यांना होनोरिया आणि व्हॅलेंटिनिअन ही मुले झाली. कॉन्स्टन्शिअस ४२१ मध्ये सहसम्राट झाला आणि त्याच वर्षी वारला. भावाशी बिनसल्यावर तिने मुलांसह कॉन्स्टँटिनोपल गाठले. ४२५ मध्ये परतली ती सहा वर्षांच्या सम्राटाची आई म्हणून. पुढची सुमारे बारा वर्षे कारभार तिच्या हाती होता. सेनापतींची भांडणे तिला आवरता आली नाहीत, व्हँडल टोळ्याही आफ्रिकेत उतरल्या. तरी खिळखिळे झालेले साम्राज्य तिने सावरून धरले, हे श्रेय तिला द्यायलाच हवे.

या काळात रावेन्नात तिने चर्च उभारली. समुद्रावरील संकटातून वाचल्याबद्दल संत जॉनचे चर्च बांधले. त्यातली मूळ मोझेक चित्रे आज उरलेली नाहीत. टिकली ती होली क्रॉस चर्चला जोडून बांधलेल्या छोट्या, क्रूसाच्या आकाराच्या वास्तूतली. बाहेरून ही वास्तू म्हणजे साध्या विटांचे कोठारच. आत मात्र गर्द निळ्या छतावर पाचशेहून अधिक सोनेरी तारे आणि त्यांच्या मध्यभागी क्रूस. दरवाजाच्या वरच्या बाजूला मेंढरांमध्ये बसलेला तरुण ख्रिस्त आहे, इतरत्र पाणी पिणारी कबुतरे आणि हरणे.

मोझेक म्हटले की आपल्याला फरशी आठवते आणि ते चुकीचे नाही. रोमन श्रीमंतांच्या घरांत ही कला मुख्यतः पायाखालीच होती. संगमरवराचे व रंगीत दगडांचे तुकडे चुन्यात बसवून चित्रे साकारली जात. ख्रिस्ती चर्चमध्ये ती भिंतींवर आणि छतावर चढली. तेथे झीज होण्याची भीती नसल्याने नाजूक काच मुबलक वापरता आली. सोनेरी तुकड्यासाठी काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख ठेवत. ओल्या गिलाव्यात तुकडे किंचित तिरके बसवल्याने प्रकाश प्रत्येकावरून वेगळा परावर्तित होतो आणि पाहणारा हलला की चित्रही लुकलुकते. पुढच्या शतकात याच शहरातील सान व्हिताले चर्चमध्ये जस्टिनियन आणि थिओडोरा यांची चित्रे घडली ती याच तंत्राने. १९९६ मध्ये युनेस्कोने रावेन्नातील आठ वास्तू जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या. ही त्यांपैकी एक.

आतल्या तीन दगडी शवपेट्यांपैकी एक प्लासिडियाची, असे शतकानुशतके मानले गेले. प्रत्यक्षात २७ नोव्हेंबर ४५० रोजी तिचा मृत्यू झाला तो रोममध्ये, आणि सेंट पीटर चर्चलगतच्या राजघराण्याच्या दफनगृहात तिला ठेवले असावे. त्याच वर्षी पोप लिओ आणि सिनेटच्या उपस्थितीत तिने थिओडोसिअस नावाच्या कुणाचे तरी अवशेष त्याच दफनगृहात समारंभपूर्वक ठेवले होते. ते बार्सिलोनात पुरलेले तिचे बाळ असावे, असे अभ्यासक मानतात.