वालाच्या दाण्यातलं कुलूप ओळखणाऱ्या डॉ. कमला सोहोनी

तुर्भे : येथील दाणाबाजारात वाल, मूग, चवळीची पोती रोज उतरतात. कडधान्य कच्चं खाऊ नये, नीट शिजवूनच खावं, हे घरातल्या जुन्या माणसांना पहिल्यापासून ठाऊक. पण कच्च्या वालात नेमकं काय असतं, हे प्रयोगशाळेत शोधणाऱ्यांमध्ये एक मराठी बाई होत्या. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११ साली इंदूरला. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रातले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला त्या पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला.

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्यांनी तिथेच सत्याग्रह धरला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष तात्पुरतं, आणि मुलांच्या कामात अडथळा येता कामा नये. वर्षभरात त्यांचं काम बघून रामन यांचं मत बदललं आणि इतर मुलींनाही दार उघडलं. तो अपमान मात्र त्या विसरल्या नाहीत. म्हातारपणी सत्काराच्या जाहीर कार्यक्रमातही त्यांनी तो बोलून दाखवला.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशीतल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावर काम करून १९३९ मध्ये पीएच.डी. घेतली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. परदेशात न थांबता त्या भारतात परतल्या. लग्नानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या.

तिथेच वालाचं काम झालं. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं प्रथिन असतं. ते अन्नातल्या प्रथिनांचे तुकडे करतं, तेव्हा खाल्लेलं अंगी लागतं. कच्च्या वालातलं एक प्रथिन ट्रिप्सिनच्या खाचेत बरोबर बसतं आणि त्याचं काम बंद पाडतं, जसं कुलपात किल्ली अडकावी. शिजवताना उष्णतेने त्या प्रथिनाची घडी मोडते, मग ते खाचेत बसत नाही. १९५५ मध्ये वाल आणि डबल बीमधली अशी प्रथिनं स्फटिकरूपात वेगळी केल्याचं त्यांचं काम 'नेचर'मध्ये छापून आलं.

सगळ्या सजीवांचा कारभार असाच चालतो. डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी. पिळाच्या खाचेत प्रथिन शिरतं, आतली अक्षरं चाचपतं आणि आपली जागा सापडली की घट्ट चिकटतं. कुठला जनुक चालू, कुठला बंद, हे त्यावर ठरतं. वालात प्रथिन प्रथिनाला ओळखतं, इथे प्रथिन डीएनएला ओळखतं, एवढाच फरक.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवरही संशोधन केलं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायांना नीरेचा फायदा होतो, हे दाखवून दिलं. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचं संचालकपद मात्र उशिरानेच वाट्याला आलं. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत उतरल्या आणि अन्नातली भेसळ कशी ओळखावी हे लोकांना शिकवत राहिल्या. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.