एक तिथी, दोन जन्म : श्रीज्ञानेश्वर महाराज

श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्री मंदिरात श्रीकृष्णाचा पाळणा हलतो, आरती होते, सुंठवडा वाटला जातो आणि उपवासाने शिणलेली मंडळी समाधानाने घरोघर परततात. त्याच रात्री, त्याच प्रहरी, आळंदी व आपेगाव येथे आणखी एका बालकाचा जन्मोत्सव साजरा होत असतो. ते बालक म्हणजे ज्यांना सारा महाराष्ट्र माउली म्हणतो ते श्रीज्ञानेश्वर महाराज. शके ११९७, म्हणजे इसवी सन १२७५ च्या गोकुळाष्टमीस मध्यरात्री त्यांचा जन्म झाला, असे परंपरा मानते. काही अभ्यासक हे वर्ष शके ११९३ धरतात. तिथीविषयी मात्र परंपरेत दुमत नाही. ज्या तिथीस गीता सांगणारा जन्मला, त्याच तिथीस गीता मराठीत आणणारा जन्मला. हा योग मनात ठेवून या महापुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

आरंभी तिथीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. इंग्रजी तारखेने पाहू गेल्यास ही अष्टमी दर वर्षी निराळ्या दिवशी येते. म्हणून शाळेच्या दाखल्यावरील जन्मदिवस आणि पंचांगातील जन्मदिवस यांची गाठ क्वचितच पडते. पंचांगांतही भेद आहेत. उत्तर हिंदुस्थानात महिना पौर्णिमेस संपतो, त्यामुळे तेथे हीच अष्टमी भाद्रपदात मोजली जाते. आपल्याकडे महिना अमावास्येस संपतो. आदिलाबाद जिल्ह्यात आपल्या शेजारी नांदणाऱ्या तेलुगू बंधूंचे पंचांगही याच रीतीचे आहे. आपण जिला वद्य अष्टमी म्हणतो तिला ते बहुळ अष्टमी म्हणतात, एवढाच फरक. शकही दोघांचा एकच, शालिवाहनाचा. आणि ज्या पैठण नगरीशी त्या शकाचे नाव जोडलेले आहे, ती नगरी या चरित्रात पुढे येणारच आहे.

ज्ञानेश्वरांचे पिता विठ्ठलपंत हे गोदावरीच्या काठी पैठणजवळील आपेगावचे कुलकर्णी. वृत्ती मूळची विरक्त. तीर्थयात्रा करीत ते आळंदीस आले असता तेथील कुलकर्णी सिधोपंत यांनी त्यांची विद्वत्ता व शील पाहून आपली कन्या रुक्मिणी त्यांना दिली. परंतु विठ्ठलपंतांचे चित्त संसारात रमेना. अखेरीस ते काशीस गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. इकडे रुक्मिणीबाईंनी आळंदीस अश्वत्थाच्या प्रदक्षिणा व व्रते करीत अनेक वर्षे काढली. पुढे विठ्ठलपंतांचे गुरू यात्रेच्या निमित्ताने आळंदीस आले. नमस्कारास आलेल्या रुक्मिणीबाईंना त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला आणि मग त्यांच्या कानी सारी हकीकत आली. पत्नीची संमती नसताना घेतलेला संन्यास त्यांना मान्य झाला नाही. काशीस परतताच त्यांनी शिष्याला पुन्हा गृहस्थाश्रमात जाण्याची आज्ञा केली व विठ्ठलपंतांनी ती पाळली.

गुरूची आज्ञा पाळली खरी, परंतु गावाने ती मानली नाही. संन्यासी पुन्हा संसारात आला, हा शास्त्राचा भंग ठरवून समाजाने त्या कुटुंबास वाळीत टाकले. अशा स्थितीत निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव व मुक्ताबाई ही चार भावंडे जन्मली. परंपरेने त्यांचे जन्मशक अनुक्रमे ११९५, ११९७, ११९९ व १२०१ असे दिले आहेत. संन्याशाची पोरे म्हणून त्यांची हेटाळणी होई. मुलांच्या मुंजीचा प्रश्न आला तेव्हा विठ्ठलपंतांनी ब्रह्मवृंदास प्रायश्चित्त विचारले. तेव्हा देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही, असा निर्णय झाला. मातापित्यांनी तो शिरसावंद्य मानला. मुलांना मागे ठेवून ती दोघे प्रयागास गेली आणि त्यांनी गंगेत देह ठेवले, असे चरित्रे सांगतात.

येथे आम्हास क्षणभर थांबावेसे वाटते. आमचा जन्म पुजाऱ्याच्या घरचा. पोथी, पंचांग व प्रायश्चित्त यांच्याच छायेत आम्ही वाढलो. त्यामुळे ही कथा वाचताना दोष दुसऱ्या कोणाचा म्हणून बाजूस सारणे आम्हास साधत नाही. तो निर्णय देणारे अधम नव्हते. ते विद्वान होते, आचारनिष्ठ होते आणि आपण धर्माचे रक्षण करीत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. तरीही त्यांच्या निर्णयाने चार निरपराध बालके पोरकी झाली. शास्त्र हाती असलेल्या माणसाने दयेचा विसर पडू दिला म्हणजे काय अनर्थ ओढवतो, याचे याहून थोर उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. देवाची पूजा करणाऱ्या प्रत्येक कुळाने हा भाग वर्षातून एकदा तरी वाचावा, असे आमचे नम्र मत आहे.

आईबापांच्या मागे ही भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणास गेली. पैठण त्या काळी धर्मनिर्णयाचे पीठ मानले जाई. तेथे ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले, ही कथा आपल्या घरातील लहान मुलासही ठाऊक आहे. तिचा भाव उघड आहे. वेदाचा अधिकार जातीने वा जन्माने ठरवू पाहणाऱ्या सभेपुढे सर्व भूतांत एकच चैतन्य आहे ही गोष्ट त्या बालकाने प्रत्यक्ष करून दाखविली. पैठणच्या पंडितांनी अखेरीस शके १२०९ मध्ये त्यांना शुद्धिपत्र दिले, असे परंपरा सांगते. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. एवढे सोसूनही ज्ञानदेवांच्या वाणीत कोठे कटुता नाही. छळणाऱ्यांची निंदा करण्यात त्यांनी एक ओवीही खर्ची घातली नाही.

या शांतीचे मूळ गुरुकृपेत होते. वडील बंधू निवृत्तिनाथ यांना त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या परिसरात गहिनीनाथांकडून नाथपंथाची दीक्षा मिळाली होती. तोच उपदेश त्यांनी ज्ञानदेवांस दिला. वयाने केवळ दोन वर्षांनी वडील असलेल्या भावास ज्ञानदेवांनी जन्मभर गुरू मानले आणि आपल्या सर्व कर्तृत्वाचे श्रेय त्यांच्याच चरणी वाहिले. भावाभावांत बांधाबांधावरून तंटे होण्याच्या आपल्या काळात ही गोष्टही मनन करण्यासारखी आहे.

पैठणहून निघून ही मंडळी प्रवरेच्या काठी नेवासे येथे आली. तेथे निवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून ज्ञानदेवांनी गीतेवरील आपली टीका सांगितली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबास टेकून ते निरूपण करीत, तो पैस खांब नेवाशास आजही दाखविला जातो. शके १२१२, म्हणजे सन १२९० मध्ये ग्रंथ पूर्ण झाला. देवगिरीस तेव्हा रामदेवराव यादवांचे राज्य होते. परंपरेच्या जन्मशकानुसार ग्रंथकर्त्याचे वय त्या वेळी अवघे १५ वर्षांचे होते. गीतेचे श्लोक ७००. त्यांवर सुमारे ९००० ओव्या झाल्या. अध्याय मात्र तेच १८. मूळ ग्रंथाचे नाव भावार्थदीपिका. लोकांनी प्रेमाने त्यास ज्ञानेश्वरी म्हटले.

आता पुन्हा त्या अष्टमीकडे वळू. एक जन्म मथुरेच्या बंदिशाळेत, दुसरा समाजाने बहिष्कृत केलेल्या घरात. एकास जन्मताच मातापित्यांपासून दूर व्हावे लागले, दुसऱ्यास बालवयात ती अंतरली. एकाने रणांगणावर एका अर्जुनास गीता सांगितली. दुसऱ्याने ती देवळाच्या सभेत, संस्कृत न जाणणाऱ्या सहस्रावधी स्त्रीपुरुषांस सांगितली. श्रीकृष्णाच्या मुखातून निघालेले ज्ञान सर्वांसाठी होते, परंतु भाषेच्या कुलपामागे ते शतकानुशतके राहिले होते. ते कुलूप उघडण्याचे कार्य त्याच तिथीस जन्मलेल्या बालकाच्या हातून झाले.

अशा योगांची उदाहरणे आपल्या संतपरंपरेत आणखीही आहेत. समर्थ रामदास स्वामींचा जन्म जालना जिल्ह्यातील जांब येथे शके १५३०, म्हणजे सन १६०८ च्या रामनवमीस, रामजन्माच्याच वेळी झाला. आणि त्यांनी आयुष्यभर रामनामाची व मारुतीच्या उपासनेची प्रतिष्ठा वाढविली. फाल्गुन वद्य षष्ठी ही जनार्दनस्वामींची जन्मतिथी, आणि त्यांचे शिष्य संत एकनाथ यांनी शके १५२१ मध्ये देह ठेवला तोही त्याच तिथीस. एकनाथांचे नाव येथे दुसऱ्याही कारणाने येते. कालांतराने ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अनेक पाठ शिरले होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे सन १५८४ च्या सुमारास, ते पाठ शोधून ग्रंथ शुद्ध केला. आज आपल्या हाती येणाऱ्या ज्ञानेश्वरीवर त्यांचे हे ऋण आहे.

परंतु तिथीच्या योगाने कोणी थोर होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मुलाचा जन्म झाला की पंचांग उघडण्यासाठी अनेक गृहस्थ पुजाऱ्याकडे येतात. अष्टमीस मूल जन्मले तर कोणी हर्षित होतात. रोहिणी नक्षत्र निघाले तर कंसाची आठवण होऊन मामाच्या काळजीने कोणी चिंतातुर होतात. ज्ञानेश्वरांच्या जन्माच्या रात्रीही या भूमीवर कितीतरी बालके जन्मली असतील. तिथी सर्वांना सारखीच मिळाली होती. ज्ञानदेव माउली झाले ते सोसण्याने, गुरुसेवेने आणि लोकांविषयीच्या कळवळ्याने. तसेच, ज्या समाजाने जन्मावरूनच त्यांना अपात्र ठरविले, तोही जन्माचाच आधार घेत होता. जन्मावरून मुलास लहान ठरवू नये आणि जन्मावरून त्यास मोठेही समजू नये, हा या चरित्राचा आम्हास दिसणारा बोध आहे.

नेवाशानंतरची वर्षे थोडी, पण अत्यंत फलदायी. अनुभवामृत हा त्यांचा स्वतंत्र ग्रंथ झाला. योगी चांगदेवांच्या कोऱ्या पत्रास उत्तर म्हणून ६५ ओव्यांची चांगदेवपासष्टी झाली. हरिपाठाचे अभंग झाले. नामदेवादी संतांसह तीर्थयात्रा झाली. पंढरीच्या वाटेवर शिंपी, कुंभार, माळी, सोनार आणि महार अशा सर्व जातींचे संत एकत्र आले. आईबापांस ज्या समाजाने दूर लोटले, त्याच समाजास त्यांच्या पुत्राने जवळ आणले.

शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशीस, सन १२९६ मध्ये, आळंदीस इंद्रायणीच्या काठी त्यांनी संजीवन समाधी घेतली. वय अवघे २१ वर्षांचे. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि यादवांच्या वैभवास ओहोटी लागली. पुढे वर्षभरातच सोपानदेव सासवडास, मुक्ताबाई तापीतीरी आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी निजधामास गेले. राज्य बुडाले, राजवाडे ओस पडले. परंतु त्या पोरक्या भावंडांनी मागे ठेवलेली वाणी पुढील शतकांत मराठी माणसाचा आधार झाली.

आता आपल्या प्रांतापुरते थोडे. ज्या शतकात ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, त्याच शतकात तेलुगू भाषेत महाकवी तिक्कन्न यांनी महाभारताची १५ पर्वे रचली. दोन भगिनी भाषा एकाच शतकात थोर ग्रंथांनी समृद्ध होत होत्या. आपेगावाजवळून वाहणारी गोदावरी नांदेडावरून बासरच्या सरस्वतीचरणी येते. आपल्या उत्तर सीमेवरील पैनगंगेचे पाणीही वर्धा व प्राणहिता यांच्या वाटेने शेवटी तिलाच मिळते. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये आंध्र प्रदेशात गेला, २०१४ मध्ये तेलंगणात आला आणि २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. शासनाच्या सीमा अशा बदलत गेल्या, तरी घरातील भाषा टिकली, ती घरोघरीच्या हरिपाठामुळे व पोथ्यांमुळेच.

आज मात्र चिंतेस कारण आहे. आपली मुले शाळेत तेलुगू व इंग्रजी शिकतात. ती त्यांनी अवश्य शिकावी. तेलुगू ही या भूमीची भाषा आहे आणि तिच्यावाचून येथे व्यवहार नाही. परंतु मराठी बोलणाऱ्या मुलास मराठी अक्षर वाचता येऊ नये, अशी घरे वाढत आहेत. मराठीस २०२४ मध्ये केंद्र शासनाने अभिजात भाषेचा मान दिला, तेलुगूस तो २००८ मध्येच मिळाला होता. मान दिल्लीहून येतो. भाषा मात्र ओसरीवरच जगते किंवा मरते. संस्कृत न कळणाऱ्यांसाठी ज्यांनी गीता घरच्या भाषेत आणली, त्यांचाच ग्रंथ घरच्या मुलांस वाचता येऊ नये, याहून मोठी खंत कोणती?

म्हणून मंदिराच्या सर्व सभासद कुटुंबांस आमची नम्र विनंती आहे. येत्या गोकुळाष्टमीस पाळणा हलविण्यापूर्वी घरातील लहानात लहान वाचणाऱ्या मुलाकडून ज्ञानेश्वरीच्या पाच ओव्या वाचवून घ्याव्या. अडखळला तरी चालेल. वडील माणसांनी शेजारी बसून अर्थ सांगावा. ज्यास अक्षरओळख नसेल त्यास त्या दिवसापासून ती करून द्यावी. ग्रंथाच्या शेवटी माउलींनी जे प्रसादाचे दान मागितले, त्यात स्वतःसाठी काहीच नाही. दुष्टांचे दुष्टपण जावे आणि सर्व प्राणिमात्रांत मैत्री व्हावी, एवढेच आहे. ज्याचे बालपण समाजाने हिरावून घेतले त्याने त्याच समाजासाठी हे मागावे, याहून श्रीकृष्णाच्या गीतेची थोर टीका ती कोणती? ते दान आपणा सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.