बर्ट मन्रो

हर्बर्ट जेम्स मन्रो ऊर्फ बर्ट मन्रो (२५ मार्च, इ.स. १८९९ - ६ जानेवारी, इ.स. १९७८) हे न्यू झीलंडमधील हौशी मोटारसायकल शर्यतपटू आणि स्वशिक्षित यंत्र-कारागीर होते. इ.स. १९२० मध्ये घेतलेल्या इंडियन स्काउट या मोटारसायकलीचे इंजिन त्यांनी सुमारे चार दशके स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा घडविले. ते घडवीत असतानाच ते तिच्यावर शर्यतीही धावत राहिले. इ.स. १९६७ मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिल येथील मिठाच्या सपाट मैदानावर त्यांनी १००० घनसेंमीपर्यंतच्या इंजिनांच्या गटात वेगाचा विक्रम केला. त्या वेळी ते ६८ वर्षांचे होते आणि गाडी ४७ वर्षांची होती.

गाडीच्या नावातील 'इंडियन' या शब्दाचा भारताशी संबंध नाही. अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील कारखान्याने अमेरिकेच्या मूलनिवासी लोकांवरून आपल्या मोटारसायकलींना हे नाव दिले होते. मन्रो यांच्या जीवनावरील चित्रपटाच्या शीर्षकामुळे भारतीय वाचकांचा याबाबत पुष्कळदा गैरसमज होतो.

सुरुवातीचे जीवन

मन्रो यांचा जन्म न्यू झीलंडच्या दक्षिण टोकाकडील इन्व्हरकार्गिल येथे झाला. त्यांच्यासोबत जन्मलेली जुळी बहीण जन्मतःच दगावली. कुटुंबाची शेती इन्व्हरकार्गिलच्या पूर्वेस ईडनडेल येथे होती. वेगाची ओढ त्यांना लहानपणापासून होती आणि शेतावरचा सर्वांत वेगवान घोडा हे तिचे पहिले साधन होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस वडिलांनी शेत विकले, तेव्हा मन्रो काही काळ ओटिरा येथील रेल्वे बोगद्याच्या कामावर मजूर होते. पुढे वडिलांनी दुसरे शेत घेतल्यावर ते परत आले.

इ.स. १९२० मध्ये त्यांनी इंडियन स्काउट विकत घेतली. या गाडीचा आराखडा चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याचा होता. दोन सिलिंडरांचे सुमारे ६०० घनसेंमीचे इंजिन, हाताने बदलायचे तीन गिअर आणि केवळ मागच्या चाकाला ब्रेक, अशी तिची मूळ रचना होती. कारखान्यातून आली तेव्हा ती ताशी सुमारे ८९ किलोमीटर (५५ मैल) वेगाने धावू शके. मन्रो यांनी इ.स. १९२६ पासून तिच्यात फेरफार करण्यास आरंभ केला.

मधल्या काळात ते व्यावसायिक स्पीडवे शर्यतींतही उतरले. महामंदी सुरू झाली तेव्हा ते शेतावर परतले आणि नंतर मोटारसायकलींचे विक्रेते व मेकॅनिक म्हणून काम करू लागले. इन्व्हरकार्गिलजवळचा ओरेटी हा सुमारे २६ किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा ओहोटीच्या वेळी कठीण वाळूचा पट्टा बनतो. स्थानिक हौशी शर्यती तेथे होत. मन्रो यांची प्रयोगशाळाही तीच होती.

इंजिनाची घडण

मन्रो यांच्यापाशी तांत्रिक पदवी नव्हती, कारखाना नव्हता आणि पैसाही नव्हता. दिवसा नोकरी, रात्रभर इंजिनावर काम आणि सकाळी पुन्हा नोकरी, असा त्यांचा क्रम होता. पिस्टन ते स्वतः ओतत. साच्यासाठी जुने पत्र्याचे डबे वापरत. सिलिंडरांसाठी त्यांनी गॅसवाहिनीचे टाकून दिलेले बिडाचे नळ कापून आतून कोरले. कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे, त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या आसाच्या पोलादातून हाताने कोरून काढले. फ्लायव्हील, कॅम आणि वंगण पुरविण्याची यंत्रणाही घरचीच होती. सूक्ष्ममापीऐवजी ते चाकाची एक जुनी तार वापरत. ही गोष्ट विनोदासारखी सांगितली जाते. परंतु त्या तारेच्या मापावर बसविलेले भाग ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगात टिकले, हेही ध्यानात घ्यावे लागते.

सर्वांत मोठा बदल झडपांचा होता. मूळ इंजिनात झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. अशा रचनेत इंधन व हवेच्या मिश्रणाला वळसा घेऊन आत यावे लागते, ज्वलनाची जागा पसरट राहते आणि मिश्रण फारसे दाबता येत नाही. मन्रो यांनी झडपा सिलिंडरच्या माथ्यावर नेल्या. त्यामुळे मिश्रणाचा मार्ग सरळ झाला, ज्वलनकक्ष आटोपशीर झाला आणि त्याच आकाराच्या सिलिंडरातून अधिक शक्ती मिळू लागली. पुढे सिलिंडरांचा व्यास वाढवीत त्यांनी इंजिनाची धारणक्षमता ८५०, ९२० आणि अखेर ९५० घनसेंमीपर्यंत नेली. इंजिन आणि गिअरपेटी यांमधील मूळची दंतचक्रे काढून तेथे तीन पदरी साखळी बसविली.

प्रत्येक बदलाची किंमत मोडतोडीने चुकवावी लागे. पिस्टन वितळत, दांडे तुटत, तुटलेला दांडा सिलिंडर फोडून बाहेर येई. वाळूवर गाडी पळवायची, काय मोडले ते पाहायचे, तो भाग अधिक मजबूत किंवा हलका करून पुन्हा ओतायचा आणि पुढच्या शर्यतीला पुन्हा उभे राहायचे, हीच त्यांची संशोधनपद्धती होती. शर्यत आणि इंजिनबांधणी ही त्यांच्या बाबतीत दोन निराळी कामे नव्हतीच. मोडके भाग त्यांनी टाकून दिले नाहीत. वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य अशा अर्थाची पाटी लावून ते एका फळीवर मांडून ठेवले होते. भेटीला येणाऱ्यांना ती फळी आधी दाखविली जाई.

इ.स. १९३६ च्या बनावटीची व्हेलोसेट एमएसएस ही त्यांची दुसरी गाडी होती. तिचे ५०० घनसेंमीचे इंजिनही त्यांनी ६५० घनसेंमीपर्यंत वाढविले. एक गाडी दुरुस्तीसाठी उघडलेली असताना दुसरी शर्यतीला नेता येई.

कौटुंबिक जीवन

इ.स. १९२७ मध्ये मन्रो यांचा विवाह बेरिल मार्टिन यांच्याशी झाला. त्यांना चार अपत्ये झाली. इ.स. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात पती-पत्नी विभक्त झाले. त्यानंतर मन्रो यांनी नोकरी सोडली आणि एका बंदिस्त गॅरेजमध्ये बिछाना टाकून ते तेथेच राहू लागले. झोपणे, जेवणे आणि इंजिन बांधणे एकाच खोलीत चाले. एका दीर्घ काळात आपण रोज सोळा तास काम केले आणि सुट्टी म्हणून केवळ नाताळची दुपार घेतली, असे ते सांगत. जिद्दीचे उदाहरण म्हणून हा तपशील नेहमी दिला जातो. त्या तासांचा भार घरातील इतरांवर किती पडला असेल, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

न्यू झीलंडमधील विक्रम

फेब्रुवारी, इ.स. १९४० मध्ये मन्रो यांनी ताशी १९४.४ किलोमीटर (१२०.८ मैल) वेगाने न्यू झीलंडचा खुल्या रस्त्यावरील विक्रम केला. इ.स. १९५७ मध्ये ७५० घनसेंमी गटात समुद्रकिनाऱ्यावरील विक्रम ताशी २११.४ किलोमीटर (१३१.३८ मैल) वेगाने त्यांच्या नावावर लागला. त्याच वर्षी एका अमेरिकन नियतकालिकाने त्यांचे नाव इंग्रजीत वेगळ्या वर्णलेखनाने छापले. ते त्यांना आवडले आणि पुढे त्यांनी तेच कायम ठेवले.

बॉनव्हिल

अमेरिकेच्या युटा राज्यातील बॉनव्हिल हे समुद्रसपाटीपासून सुमारे १२८५ मीटर उंचीवरील मिठाचे विस्तीर्ण मैदान आहे. दर ऑगस्टमध्ये तेथे 'स्पीड वीक' भरतो. घरी बांधलेल्या गाड्या घेऊन हौशी लोक त्यात उतरतात आणि जिंकणाऱ्यास रोख बक्षीस नसते. विक्रम ग्राह्य धरण्यासाठी दोन फेऱ्यांच्या वेगाची सरासरी काढली जाते.

मन्रो तेथे दहा वेळा गेले. पहिली खेप केवळ पाहणीची होती. इन्व्हरकार्गिल ते युटा हा प्रवास अल्प खर्चात करावा लागे, म्हणून अमेरिकेत एखादी जुनी मोटार घेऊन तिच्यामागे मोटारसायकल ओढत नेणे हा त्यांचा मार्ग होता. त्याहून कठीण अडचण तांत्रिक होती. इंजिनाची जुळणी समुद्रकाठच्या दाट हवेत झालेली असे आणि धाव मात्र उंचावरील विरळ हवेत. विरळ हवेत प्राणवायू कमी असल्याने इंधनाचे प्रमाण नव्याने ठरवावे लागते. वर्षभराच्या कामाचा निकाल त्या काही दिवसांतील मोजक्या फेऱ्यांत लागे.

दुसरा शत्रू हवेचा रोध. हवा कापण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५५ मैलांवरून १९० मैलांवर जायचे, तर गाडीचा आकार तोच राहिल्यास सुमारे चाळीसपट शक्ती लागेल. केवळ इंजिन वाढवून हे साधणारे नव्हते. म्हणून मन्रो यांनी गाडीवर फायबरग्लासचे निमुळते कवच चढविले. स्वार त्यात जवळजवळ पालथा पडून बसे. कवचामुळे वेग वाढला, पण गाडी अस्थिरही झाली आणि मोठ्या वेगात डोलू लागली.

इ.स. १९६२ मध्ये ८५० घनसेंमीच्या इंजिनावर त्यांनी ८८३ घनसेंमी गटात ताशी २८८ किलोमीटर (१७८.९५ मैल) वेगाचा विक्रम केला. इ.स. १९६६ मध्ये ९२० घनसेंमीच्या इंजिनावर १००० घनसेंमी गटात ताशी २७०.५ किलोमीटरची (१६८.०७ मैल) नोंद झाली. इ.स. १९६७ मध्ये इंजिन ९५० घनसेंमीचे होते. पात्रता फेरीत एका दिशेने त्यांनी ताशी ३०५.८९ किलोमीटर (१९०.०७ मैल) वेग गाठला. तोपर्यंत कोणत्याही इंडियन मोटारसायकलीने अधिकृतरीत्या एवढा वेग गाठला नव्हता. गटाचा विक्रम ताशी २९५.४५ किलोमीटर (१८३.५९ मैल) असा नोंदला गेला.

त्याच वर्षी एका फेरीत मध्यावर गाडी जोराने डोलू लागली. वेग कमी करण्यासाठी मन्रो कवचातून उठून बसले, तेव्हा वाऱ्याने त्यांचा चष्मा उडवून नेला आणि त्यांना काही दिसेनासे झाले. गाडी मार्ग सोडून भरकटली आणि खुणेचा एक पोलादी खांब इंचांच्या अंतराने चुकला. अखेर त्यांनी गाडी मिठावर आडवी पाडली. त्यांना केवळ खरचटले. हृदयविकाराचे निदान इ.स. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातच झालेले असल्याने असे धाडस त्यांनी करावे का, असा प्रश्न त्यांच्याभोवतीचे लोक विचारत असत.

अखेरची वर्षे

इ.स. १९७१ मध्ये दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन यांनी मन्रो यांच्यावर एक माहितीपट तयार केला. त्याचे शीर्षक मोडक्या भागांच्या फळीवरील पाटीवरून घेतलेले होते. इ.स. १९७७ मध्ये मन्रो यांना पक्षाघाताचा झटका आला. हातापायांवरचा ताबा पूर्ववत होणार नाही हे लक्षात आल्यावर, दोन्ही गाड्या साउथलँड प्रदेशातच राहाव्यात म्हणून त्यांनी त्या स्थानिक व्यापारी नॉर्मन हेज यांना विकल्या. ६ जानेवारी, इ.स. १९७८ रोजी इन्व्हरकार्गिल येथे वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्काउट आजही त्याच शहरातील हेज यांच्या हार्डवेअर दुकानात पाहावयास मिळते.

चित्रपट आणि विक्रमाची दुरुस्ती

डोनाल्डसन यांनीच इ.स. २००५ मध्ये 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा चित्रपट काढला. त्यात अँथनी हॉपकिन्स यांनी मन्रो यांची भूमिका केली. चित्रपटात अनेक वर्षांच्या खेपा एकाच प्रवासात गुंफल्या आहेत. त्यामुळे तो इतिहास म्हणून वाचू नये. इ.स. २००६ मध्ये अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशनने मन्रो यांचा मोटारसायकल सन्मानदालनात समावेश केला. त्याच वर्षापासून साउथलँडमध्ये 'बर्ट मन्रो चॅलेंज' ही शर्यतमालिका भरू लागली.

इ.स. १९६७ च्या विक्रमाच्या आकडेमोडीत चूक असल्याचे पुढे मन्रो यांचे पुत्र जॉन यांच्या लक्षात आले. उत्तरेकडील फेरीचा वेग ताशी १८४.७१० मैल आणि दक्षिणेकडील फेरीचा १८३.४६३ मैल होता. त्यांची सरासरी १८४.०८७ मैल येते, तर नोंद १८३.५८६ मैलांची झाली होती. इ.स. २०१४ मध्ये, मन्रो यांच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, असोसिएशनने ही चूक मान्य करून विक्रमाची नोंद ताशी १८४.०८७ मैल (२९६.२६ किलोमीटर) अशी दुरुस्त केली.