मलिक अंबर आणि रयतेचा हिशेब



मलिक अंबरचे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलेच असेल. गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणणारा निजामशाहीचा हबशी वजीर, एवढी त्याची ओळख बहुतेकांना पाठ असते. त्याच्या महसूल सुधारणांवर परीक्षेत टीप येते. मुले चार मुद्दे घोकतात आणि पेपर संपताच विसरतात. खरे पाहता रयतेच्या घरात वर्षभर दाणा उरणार की नाही, हा प्रश्न त्या चार मुद्द्यांत दडलेला आहे. म्हणून आज त्याच बाजूने हे चरित्र पाहू.

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि हातोहात बगदादपर्यंत पोहोचला. तेथे मीर कासीम नावाच्या धन्याने त्याला लिहावाचायला शिकवले आणि कारभाराचे धडे दिले. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखानही एके काळी गुलामच होता. त्याच्या पदरी राहून अंबरने राज्यकारभार जवळून पाहिला. धन्याच्या मृत्यूनंतर त्याला स्वातंत्र्य मिळाले. काही काळ त्याने विजापूरकरांची चाकरी केली आणि मग तो परत निजामशाहीत आला. पालकहो, ध्यानात घ्या, ज्याला स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्याच्याजवळ विद्येची शिदोरी होती. तीच त्याला पुढे घेऊन गेली.

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. निजामशाही बुडाली असेच सर्वांना वाटले. मलिक अंबरने परांड्यास दुसऱ्या मूर्तझाला गादीवर बसवले आणि राज्य पुन्हा उभे केले. पण फौजेला पगार हवा, घोड्यांना दाणा हवा. शत्रू बलाढ्य, मुलूख उद्ध्वस्त आणि शेतकरी गाव सोडून परागंदा झालेला. पैसा आणायचा कोठून?

त्या काळी अनेक ठिकाणी महसूल इजाऱ्याने दिला जाई. इजारदार सरकारात ठरलेली रक्कम भरी आणि मग रयतेकडून हवे तेवढे उकळी. सरकारची चिंता मिटे, पण शेतकरी नागवला जाई. मलिक अंबरने ही इजारापद्धत बंद केली. जमिनीच्या कसाप्रमाणे आणि प्रत्यक्ष पिकाप्रमाणे आकारणी ठरवली. मोडकळीस आलेली पाटील-कुलकर्ण्यांची गावव्यवस्था पुन्हा बसवली. वसुलीचे काम ब्राह्मण कारकुनांकडे आणि देखरेख मुसलमान अधिकाऱ्यांकडे सोपवली. आरंभी सरकारचा हिस्सा धान्यात घेतला जाई. तो पिकाच्या दोन-पंचमांश होता असे सांगतात. काही हंगामांचा अनुभव घेतल्यावर त्याऐवजी रोख रक्कम ठरवण्यात आली. ती पिकाच्या किमतीच्या सुमारे एक-तृतीयांश पडे, अशी परंपरा आहे. ही रक्कमही दरसाल लागवड पाहून ठरे. हाच तो प्रसिद्ध मलिकंबरी धारा.

हा धडा वर्गात कसा शिकवावा? गुरुजनांनी फळ्यावर एक सोपे काल्पनिक गणित घालावे. एका शेतात ३० मण धान्य पिकले. दोन-पंचमांश म्हणजे १२ मण सरकारचे, १८ मण रयतेचे. पुढच्या साली पाऊस रुसला आणि १० मणच पिकले. आता सरकारला ४ मण, रयतेला ६ मण. आता समजा, याच शेतावर इजारदार आहे आणि तो दरसाल १५ मण मागतो. चांगल्या साली रयतेकडे १५ मण उरतील. वाईट साली मात्र पिकलेले १० मण देऊनही ५ मणांचे कर्ज डोक्यावर बसेल. एवढे गणित सोडवले की इजारापद्धत का मोडली, हे मुलांना पाठ करावे लागणार नाही.

मग आणखी एक प्रश्न विचारावा. सारा रोखीत द्यायचा असेल आणि बाजारात धान्याचा भाव पडला, तर नुकसान कोणाचे? तेवढेच पैसे भरायला शेतकऱ्याला जास्त धान्य विकावे लागेल, हे मुलेच शोधून काढतील. सरकारला रोकड सोयीची असते, पण भावाचा धोका रयतेच्या गळ्यात पडतो. प्रत्येक सुधारणेत कोणाला काय मिळाले आणि ओझे कोणी उचलले, हे विचारायची सवय लागली, की कोणत्याही काळाचा अर्थव्यवहार मुलांना कळू लागतो.

मलिक अंबरचे सगळेच साधले असे नाही. युद्धाने त्याला कधी स्वस्थता लाभली नाही. १६२४ साली भातवडीस त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ साली तो वारला. १६३० च्या भीषण दुष्काळात दख्खन होरपळली आणि १६३६ मध्ये निजामशाहीही संपली. राज्य गेले, पण पद्धत मागे राहिली. पुढे मराठी अमलात महसुलाची घडी बसवताना मलिकंबरी धाऱ्याचा आधार घेतला गेला. चांगली व्यवस्था धर्म किंवा घराणे विचारत बसत नाही, ती ज्याला उपयोगी पडते त्याची होते.

त्याने वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखली जाते. डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात आणणारी त्याची नहर प्रसिद्धच आहे. त्याची कबर खुलताबादला आहे. सहलीला तिकडे गेलात, तर मुलांनो, कबरीपाशी फातेहा पढा आणि परतताना वाटेतल्या शेतांकडेही एकदा पाहा. या शेतात किती पिकले आणि पिकवणाऱ्याच्या घरात किती उरले, हा हिशेब मलिक अंबरने मांडला होता. आता तो तुम्ही मांडायला शिका.