वि. स. पागे : काम मागेल तो बेकार

लोणार तालुक्यातली एखादी शेतमजूर बाई घ्या. आठवड्यात दोन दिवस सोयाबीनची सोंगणी मिळाली, बाकी पाच दिवस काम शोधूनही हात रिकामे. चालू आठवडी स्थितीच्या मोजणीत ती बेकार नाही. सात दिवसांत तासभर काम झाले तरी तिथे भागते. दैनिक स्थितीने मोजले, तर मात्र तिचे पाच दिवस बेकारीत धरले जातात. दांतवाला समितीच्या १९७० च्या अहवालानंतर, १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत नेहमीची, आठवडी आणि दैनिक अशा तीन रीतींनी बेकारी मोजली गेली.

त्याच सुमारास विठ्ठल सखाराम पागे यांनी वेगळीच वाट धरली होती. सांगलीकडचे पागे १९१० साली जन्मले. शिक्षणाने वकील, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले. १९६० ते १९७८ ते विधान परिषदेचे सभापती होते. म्हणजे योजना राबवण्याचे कुठलेही खाते हाती नव्हते. तरीही तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात १९६५ मध्ये प्रयोग झाला आणि पुढे त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्र लिहून कामाच्या हमीची कल्पना पटवली. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला, माती उचलायला आली. गावात काम मिळत नाही हे सांगायला वेगळ्या पाहणीची गरज उरली नाही.

योजनेचे मर्म इथेच आहे. बेकार कोण, हे अधिकाऱ्याने ठरवायचे नाही. अंगमेहनतीचे काम मजुरीवर करायला जो येईल, तो बेकार. खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. मुंबईच्या पगारदाराच्या खिशातून बुलडाण्यातल्या बांधबंदिस्तीला पैसा, अशी ती सोय. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारी भत्ता द्या, असे बंधन सरकारवर आले.

गोम मागणीच्या नोंदीत होती, आणि ती लहान नव्हे. मागणी कागदावर चढलीच नाही तर भत्ताही नाही आणि बेकारीही नाही. भत्ता हाती पडल्याची उदाहरणे विरळच राहिली.

पागे १९९० मध्ये गेले. २००५ च्या केंद्रीय कायद्याने त्यांची कल्पना देशभर नेली. त्यात वर्षाला कुटुंबामागे शंभर दिवसांची मर्यादा आली आणि ग्रामपंचायतीत नमुना ४ भरणाऱ्या मजुराला तारखेची पावती मिळण्याचा हक्कही आला. पंधरा दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून.